डोक्याची जागा

आपल्या लिखाणात अमेरिकेतला काळा माणूस आला तो मूठ आवळून आला. काळं जाकीट, काळी टोपी, खांद्याला बंदूक. कवितेतून आला, गाण्यातून आला, पोस्टरवरून आला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नावसुद्धा तिकडून घेतलं. बरोबरच केलं. ज्याचं दुखणं आपल्यासारखं, त्याचं औषध बघून घ्यावंच लागतं.

मी आज लिहितोय तो माणूस या पोस्टरवर बसत नाही. त्याच्या हातात बंदूक नव्हती, शिट्टी होती. गळ्यात टाय होता. तोंडी कायम देव, देश, बायको, शिस्त. अशा माणसाला आपल्या बैठकीत एका शब्दात निकालात काढतात. तो शब्द तुम्हांला ठाऊक आहे, मी लिहीत बसत नाही. माणसाचं नाव एडी रॉबिन्सन. धंदा कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कोच. गाव ग्रॅम्बलिंग, राज्य लुइझियाना, देश अमेरिका.

या गावापासून साठेक किलोमीटरवर मनरो नावाचं शहर आहे. तिथं १९४२च्या फेब्रुवारीत ह्यूई न्यूटन जन्मला. पुढं त्याचे आईबाप कॅलिफोर्नियात गेले आणि १९६६ साली ओकलंड शहरात यानंच बॉबी सीलला बरोबर घेऊन ब्लॅक पँथर पक्ष काढला. म्हंजे पँथर आणि हा टायवाला कोच एकाच मातीतले. एकानं बंदूक घेतली, दुसऱ्यानं शिट्टी. दोघांच्या पाठीमागं तोच गोरा मालक. म्हणून म्हणतो, घाई करू नका. आधी ऐकून घ्या.

रॉबिन्सन १९१९ साली जॅक्सन नावाच्या खेड्यात जन्मला. बाप बटईनं कापूस करायचा, आई दुसऱ्यांच्या घरची कामं करायची. आपल्याकडं विदर्भात, मराठवाड्यात ज्यानं दुसऱ्याच्या रानात कापूस वेचलाय त्याला बटई काय असते ते सांगायला नको. रान मालकाचं, घाम आपला, हिशेबाची वही मालकाच्या गादीखाली. पोरगा पुढं बॅटन रूज शहरात शिकला. शहरात राज्याचं भलंमोठं विद्यापीठ होतं. त्याची फुटबॉल टीम गाजलेली. पण त्याचं दार काळ्याला बंद. तो काळ्यांच्या लेलँड कॉलेजात गेला, खेळला, पदवी घेतली. पदवी घेऊन काय मिळालं? गुरांच्या खाद्याच्या गिरणीत काम. ताशी २५ सेंट.

१९४१ साली ग्रॅम्बलिंगच्या काळ्यांच्या शाळेत कोचची जागा निघाली. वय २२. पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट. शाळेचं नाव तेव्हा लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट. ही शाळा १९०१ साली सुरू झालेली. त्या भागातल्या काळ्या शेतकऱ्यांनी, आमच्या पोरांना शिकवायला माणूस द्या म्हणून बुकर टी. वॉशिंग्टनकडं मागणं घातलं. त्यानं चार्ल्स अ‍ॅडम्स नावाचा माणूस पाठवला. अशी ती उभी राहिली. सरकारानं दिली म्हणून नाही, अडाणी बापांनी मागितली म्हणून. १९४६ साली तिचं ग्रॅम्बलिंग कॉलेज झालं. त्याच साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. दोन टोकांना दोन मुलूख, पण गरज एकच. दुसऱ्याचं दार ठोठावून हात सुजले की माणूस स्वतःचं दार बांधतो.

आता कोच म्हटल्यावर आपल्यापुढं येतो टोपी घालून खुर्चीत बसलेला साहेब. तसलं काही नव्हतं. त्याला पगारी मदतनीस नव्हता. मैदानावरचं गवत तोच कापायचा, चुन्याच्या रेघा तोच मारायचा. पोराला लागलं की गाडीत घालून डॉक्टरकडं तोच न्यायचा. सामना झाला की वर्तमानपत्राला बातमीही तोच लिहून द्यायचा, कारण काळ्यांच्या सामन्याला गोऱ्या पेपरचा बातमीदार यायचा नाही. वर पोरींची बास्केटबॉलची टीमही त्याच्याच गळ्यात.

आणि प्रवास. बस घेऊन शेकडो मैल जायचं. वाटेतल्या हॉटेलात काळ्याला बसू देत नाहीत. मग हा माणूस निघायच्या आधी पावाला पाव लावून पोरांसाठी सँडविच बांधून घ्यायचा. पोरं बसमध्ये बसून खायची. ते पुडकं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्या आया भाकरी फडक्यात बांधून द्यायच्या, ती काय नुसती भूक लागंल म्हणून? वाटेत कुणी पाणी देणार नाही हेही त्या फडक्यात बांधलेलं असायचं.

दुसऱ्या महायुद्धात १९४३ आणि १९४४ साली कॉलेजचं फुटबॉल बंद पडलं. तेव्हा तो गावच्या हायस्कुलातल्या पोरांना शिकवायला लागला. टीमातल्या चांगल्या पोरांना बापानं खेळातून काढलं. कापूस वेचायला माणूस नाही, खेळ कसला करता? बापाचंही बरोबर होतं. पोटाचा प्रश्न होता. रॉबिन्सननं बापाला व्याख्यान दिलं नाही. अख्खी टीम घेतली, रानात उतरला, कापूस वेचून दिला आणि पोरं परत आणली. ती टीम पुढं अजिंक्यपद घेऊन आली.

माझ्या मते त्याचं सगळं तत्त्वज्ञान या कापसाच्या रानात आहे. पोराला घराची अडचण असंल तर ती अडचण पोराची नव्हं, टीमची. आधी ती उचला, मग पळा म्हणा. आपल्याकडं पोरगा शाळेतून गळाला की म्हणतात, ह्यांना शिक्षणाची आवड नाही. आवड नाही म्हणणारा एक तरी मास्तर ऊसतोडीच्या फडावर गेला का?

आता खेळाचं थोडं सांगतो. अमेरिकेतला फुटबॉल म्हंजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हं. चेंडू लांबुळका, दोन्हीकडं टोक असलेला. तो हातात घेऊन पळायचं नाहीतर फेकायचा. डोक्यावर लोखंडी जाळीचं शिरस्त्राण, अंगावर गाद्या. एका बाजूचे अकरा जण दुसऱ्या अकरा जणांना अंगानं अडवतात, पाडतात. प्रत्येक डाव आधी ठरवलेला. कोण कुठं पळणार, कोण कुणाला अडवणार, सगळं पाठ असावं लागतं. बाहेरून दिसते ती मारामारी, आत असतो हिशेब.

रॉबिन्सननं पहिल्या साली तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या साली, १९४२ला, नऊच्या नऊ जिंकले आणि समोरच्यांना सबंध हंगामात एक गुण करू दिला नाही. डावांचा पसारा तो मांडत नसे. मोजके डाव घ्यायचा आणि ते घोटून घोटून पक्के करायचा. एकाचं पाऊल चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा. पुन्हा. अजून एकदा. १९९७ साली तो थांबला तेव्हा हिशेब होता ४०८ जिंकले, १६५ हरले, १५ बरोबरीत. कोच एकच, कॉलेज एकच. त्याच्या हाताखालची दोनशेच्या वर पोरं व्यावसायिक टीमांत गेली.

आकडे बाजूला ठेवा. आकड्यांसाठी मी हे लिहीत नाही.

तो एक गोष्ट नेहमी सांगायचा. पोराला असं शिकवा, की उद्या हाच आपल्या पोरीचा नवरा होणार आहे. बघा हं. कोच पोराकडं बघतो तेव्हा काय बघतो? मांड्या, खांदे, पळायचा वेग. बाजारात बैल बघतात तसं. गुलामांच्या लिलावात काळ्या माणसाला असंच बघितलं, दात उघडून, दंड दाबून. हा म्हणतो, जावई म्हणून बघा. जावयाच्या मांड्या कोण मोजतो? तो शिकलाय का, बोलतो कसा, दारू पितो का, पोरीला सांभाळंल का, हे बघतात. शरीर विकत घेणाऱ्या बाजारात उभं राहून हा सबंध माणूस मागत होता.

म्हणून तो पहाटे वसतिगृहात गायीच्या गळ्यातली घंटा हातात घेऊन वाजवत फिरायचा. उठा. नाष्ट्याला चला, वर्गात चला. रविवार असंल तर चर्चमध्ये चला. बाहेरगावी जायचं तर कोट-टाय घालूनच. जेवायच्या टेबलावर काटा कुठल्या हातात, सुरी कुठल्या हातात, हेही शिकवायचा. पत्रकारानं प्रश्न विचारला तर मान वर करून, सबंध वाक्यात उत्तर कसं द्यायचं ते शिकवायचा. त्याचा विली डेव्हिस नावाचा पोरगा पुढं ग्रीन बे पॅकर्स या नामांकित टीमच्या बचावफळीचा कप्तान झाला, खेळता खेळता शिकागो विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेऊन बसला आणि खेळ संपल्यावर स्वतःचा धंदा उभा केला.

इथं आपला माणूस म्हणणार, च्यायला, ही तर गोऱ्यांची नक्कल. काटे-चमचे शिकून माणूस मुक्त होतो का?

होत नाही. पण जरा महाडला चला. १९२७च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी तिथं जमलेल्या आयाबायांना काय सांगितलं? लुगडं वरच्या जातीच्या बायांसारखं नेसा. ज्या दागिन्यांवरून जात कळते ते अंगावरून उतरवा. मेलेल्या ढोराचं मांस घरात शिजवू देऊ नका. ती नक्कल होती काय? गावानं तुमच्या अंगावर जी खूण डागली ती तुमच्या हातानं पुसायची, एवढाच त्याचा अर्थ. बाबासाहेबांचा सूट आजही चौकाचौकात पुतळ्याच्या अंगावर आहे, तो बघून ज्यांच्या पोटात दुखतं त्यांना तो अर्थ बरोबर कळलेला आहे. कपडा नोकराला मालकानं घातला तर ती वर्दी. माणसानं मालकाच्या मनाविरुद्ध घातला तर ती बंडाळी. लुइझियानात बसमधून उतरणारी चाळीसएक काळी पोरं, सगळ्यांच्या गळ्यात टाय, आणि हॉटेलवाला दार लावून घेतोय. लाज कुणाची गेली?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या खेळात क्वार्टरबॅक नावाची एक जागा आहे. डाव सुरू झाला की चेंडू आधी त्याच्या हातात येतो. कुणाला द्यायचा, कुठं फेकायचा, समोरच्यांचा बेत काय आहे, हे क्षणात ओळखून ठरवायचं ते त्यानं. दहा जण त्याच्या शब्दावर हलतात. टीमचं डोकं म्हणा.

ही जागा अमेरिकेनं गोऱ्यासाठी राखून ठेवलेली. काळ्यानं पळावं. अडवावं. धडका घ्याव्यात. डोक्याची जागा त्याची नव्हे. काळा पोरगा कॉलेजात कितीही चांगला क्वार्टरबॅक असो, व्यावसायिक टीमवाले त्याला म्हणायचे, तू पळतोस छान, दुसऱ्या जागेवर खेळ. १९७० साली दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी टीमांची मोजदाद करून दाखवलं, की मैदानाच्या मधल्या, निर्णयाच्या जागांवर गोरे आणि कडेच्या जागांवर काळे असे खेळाडू वाटलेले आहेत.

मोजदाद न करता हे आपल्याला समजतं. आपल्याकडं तर ही वाटणी देवाच्या अंगावर लिहून ठेवलीय. तोंडातून बामण, हातांतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य, पायांतून शूद्र. आपण तर त्या अंगातच नाही. अंगणाच्याही बाहेर. वर्णव्यवस्था म्हंजे तरी काय, कुणी कुठल्या जागेवर खेळायचं ते जन्माआधी ठरवणारा कोच.

मी शिकलो त्या शाळेच्या कबड्डीच्या टीममध्ये सातातली चार पोरं आमच्या वस्तीतली होती. चढाई आम्ही करायची, पकडीत गुडघे आम्ही फोडून घ्यायचे. कप्तान कायम वाड्यातला. ढाल घेताना फोटोत मधे तोच. मास्तर म्हणायचे, तुमच्यात दम आहे, पण डोकं शांत लागतं रे कप्तानाला. हे वाक्य मी पुढं नोकरीतही ऐकलं, वेगळ्या शब्दांत. सबंध देशानं ते ऐकलेलं आहे. पळवणकर बाळू हा आपला चांभाराचा पोर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर राबला, गोऱ्यांना गोलंदाजी टाकली. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. हिंदूंच्या टीमला तो गोलंदाज म्हणून चालला, सामने जिंकून द्यायला चालला, कप्तान म्हणून शेवटपर्यंत चालला नाही. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ साली कप्तान झाला, तोवर बाळूचे दिवस निघून गेले होते.

रॉबिन्सननं हे कोडं ओळखलं आणि त्यावर आयुष्यभर काम केलं. एकेक पायरी चढवली. १९४९ साली पॉल यंगर नावाचा त्याचा पोरगा लॉस एंजेलिसच्या टीमनं घेतला. काळ्यांच्या कॉलेजातून थेट नॅशनल फुटबॉल लीगमध्ये गेलेला तो पहिला. जाताना रॉबिन्सननं त्याला बजावलं, तू पडलास तर ते म्हणतील, त्यांच्यातला सगळ्यात चांगला घेऊन बघितला, तोही चालला नाही. मग पुढच्यांना फार दिवस दार उघडणार नाही. कसलं हे ओझं! गोरा पोरगा हरला तर तो एकटा हरतो. आपला हरला तर जात हरते. पहिल्यांदा कलेक्टर झालेल्याला, पहिल्यांदा प्राध्यापक झालेल्याला विचारा, खांदा किती दुखतो. यंगर दहा हंगाम खेळला. १९६३ साली बक ब्यूकॅनन हा ग्रॅम्बलिंगचाच पोरगा अमेरिकन फुटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत सगळ्यात पहिला निवडला गेला. आधी कुठल्या काळ्याला तो मान मिळालेला नव्हता.

पण या सगळ्या जागा अंगाच्या. डोक्याची अजून बाकी होती. रॉबिन्सननं जेम्स हॅरिस नावाचा उंचापुरा पोरगा हेरला आणि त्याला क्वार्टरबॅक म्हणून घडवला. नुसतं फेकायला शिकवलं नाही. ते तुला दुसरी जागा देऊ करतील, पैसा दाखवतील, तू जागा बदलायची नाही, हे पक्कं केलं. १९६९ साली निवडीच्या वेळी हॅरिस अडून बसला. क्वार्टरबॅकच खेळणार, नाहीतर नाही. म्हणून तो थेट आठव्या फेरीपर्यंत मागं ढकलला गेला. तरी त्याच साली बफेलोच्या टीमकडून हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्या जागेवर उभा राहिला. आधुनिक काळात हे करणारा तो पहिला काळा.

मग डग विल्यम्स. १९७८ साली पहिल्याच फेरीत क्वार्टरबॅक म्हणून निवडला गेला. वाट खडतर होती, ती सगळी इथं सांगत नाही. ३१ जानेवारी १९८८. सॅन डिएगो. सुपर बाउल म्हंजे त्यांचा वर्षाचा अंतिम सामना. सबंध अमेरिका टीव्हीसमोर. वॉशिंग्टनची टीम आधी शून्य विरुद्ध दहा अशी मागं. आणि दुसऱ्या पंधरा मिनिटांत विल्यम्सनं फेकलेल्या चेंडूंवर चार टचडाउन, टीमचे ३५ गुण. शेवट ४२ विरुद्ध १०. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू डग विल्यम्स. त्या सामन्यात पहिल्यापासून क्वार्टरबॅक खेळून जिंकणारा पहिला काळा. डोकं चालत नाही म्हणणाऱ्यांना डोक्यानं दिलेलं उत्तर. त्या पंधरा मिनिटांची तयारी ग्रॅम्बलिंगमध्ये १९४१पासून चाललेली होती.

एवढं सांगून मी नमस्कार करून बसणार नाही. बाबासाहेबांनी आपल्याला भक्ती शिकवलेली नाही.

रॉबिन्सन अमेरिकेचं गुणगान फार करायचा. हा देश चांगला आहे, कष्ट करा, संधी मिळंल, असं म्हणायचा. ही वाट बुकर टी. वॉशिंग्टनची. आधी कामाचा माणूस व्हा, हक्क आपोआप येतील. डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइसनं या वाटेवर तेव्हाच बोट ठेवलं होतं. हक्क मागितल्याशिवाय येत नाहीत म्हणाला. १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्यांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडं गेला, तेव्हा त्याच्या प्रतीसाठी बाबासाहेबांनी पत्र लिहिलं ते या ड्यु बॉइसला. आपली सोयरीक कुणाशी, ते त्या पत्रात लिहिलेलं आहे.

१९६७ साली ग्रॅम्बलिंगच्याच विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली, वर्गांवर बहिष्कार घातला. त्यांचं म्हणणं, या कॉलेजात अभ्यासापेक्षा खेळाला जास्त महत्त्व आहे. त्यातल्या काही पोरांना काढून टाकलं. ती पोरं चुकीचं बोलत नव्हती. एका पोरानं चेंडू फेकला की देश टाळ्या वाजवतो, दहा पोरांच्या ग्रंथालयाला पुस्तकं नसली तर कुणाला दिसत नाही. १९६८च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर ग्रॅम्बलिंगचा सामना झाला. साठ हजारांच्या वर माणूस. ग्रॅम्बलिंग हरली, ७ विरुद्ध ९, पण नाव देशभर झालं. त्याच्या पुढच्याच महिन्यात मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळे मोजे घातलेल्या मुठी वर केल्या आणि त्यांना घरी पाठवलं. एकाच मोसमात दोन चित्रं. एका चित्राला टाळ्या, दुसऱ्याला हद्दपारी. व्यवस्थेला कुठला काळा आवडतो ते यावरून कळतं, आणि तिला आवडणाऱ्या माणसाकडं आपण संशयानं बघितलं तर त्यात गैर काय?

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. रॉबिन्सनकडं पहिले दोन शब्द आहेत, पूर्ण ताकदीनं आहेत. तिसरा मला सापडत नाही. त्याच्याच बॅटन रूज शहरात १९५३ साली काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला होता, माँटगोमेरीच्या गाजलेल्या बहिष्काराच्या आधी. १९५४चा कोर्टाचा निकाल आला, १९६४चा नागरी हक्कांचा कायदा आला, ते मार खाल्लेल्या, तुरुंगात गेलेल्या माणसांमुळं आले. हॉटेलाचं दार सँडविच बांधून उघडलं नाही. त्या दारापुढं पोरंपोरी बसून राहिली, अंगावर गरम कॉफी घेतली, तेव्हा उघडलं.

पण मग उलट बाजूनंही विचारतो. दार उघडल्यावर आत कोण गेलं? तयार असलेलाच गेला. कायद्यानं जागा मिळते, त्या जागेवर उभं राहून चेंडू फेकायचा सराव कायदा देत नाही. तो सराव वीस वर्षं आधी कुणीतरी गावकुसाबाहेरच्या मैदानावर, स्वतः चुन्याच्या रेघा मारून घेतलेला असावा लागतो. दार उघडायच्या आधी. दार कधी उघडंल ते माहीत नसताना. न्यूटनला हे जमलं नसतं आणि रॉबिन्सनला न्यूटनचं. जमातीला मात्र दोन्ही लागतात.

आणि दार उघडल्यावर काय झालं तेही सांगतो, कारण आपलंही तेच चाललंय. १९७१ साली अलाबामाच्या गोऱ्या विद्यापीठाच्या मुख्य टीमकडून पहिला काळा खेळला. मग सगळ्याच मोठ्या विद्यापीठांनी काळी पोरं उचलायला सुरुवात केली. त्यांच्याकडं पैसा, मोठी मैदानं, टीव्ही. ग्रॅम्बलिंगला जी पोरं दुसरीकडं जागा नाही म्हणून यायची, ती आता येईनात. १९८५च्या ५ ऑक्टोबरला रॉबिन्सननं ३२४वा सामना जिंकला आणि अलाबामाचा गोरा कोच बेअर ब्रायंट याचा ३२३चा विक्रम मोडला. तेव्हाही काहींनी नाक मुरडलं, छोट्या कॉलेजांशी खेळून आकडा वाढवला म्हणाले. अरे, मोठ्यांनी त्याला आपल्या मैदानात घेतलं होतं कुठं?

शेवटची वर्षं वाईट गेली. १९९६ला आठ सामने हरला, १९९७लाही आठ हरला. विद्यापीठवाले त्याला आधीच काढायला निघाले होते, लोकांनी ओरड केली म्हणून एक साल जास्त मिळालं. नंतर स्मृतिभ्रंशाच्या आजारानं त्याच्या डोक्यातले सगळे डाव पुसले गेले. ३ एप्रिल २००७ला वारला. ज्या राज्याच्या विद्यापीठात त्याला प्रवेश नव्हता, त्या राज्याच्या विधानभवनात त्याचं शव दर्शनाला ठेवलं. जिंकलेल्या सामन्यांचा त्याचा आकडा तर २००३ सालीच दुसऱ्या एका कोचनं मागं टाकला होता. आकडे मोडतातच.

उरतं ते वेगळं. आज आपल्या वस्तीत कुणी कबड्डीची टीम चालवतं, कुणी अभ्यासिका चालवतं, कुणी बुद्धविहारात संध्याकाळी पोरं गोळा करून गणित शिकवतं. त्यांच्यासाठी हे लिहिलं. पोराला नुसतं चढाईला पाठवू नका. त्याला डाव मांडायला शिकवा, हिशेबाची वही बघायला शिकवा, माइकपुढं उभं करा, सभेचा अध्यक्ष करा. पोरीलाही करा. रॉबिन्सनच्या जावयाच्या गोष्टीत पोरगी घरातच बसलेली दिसते, ती आपण मैदानात आणू. आणि उद्या कुणी म्हणालं, तू पळतोस छान, ही दुसरी जागा घे, तर त्या पोरानं हॅरिससारखं अडून बसावं. अडून बसल्याबद्दल त्याला मागं ढकलतील. तेव्हा त्याच्या पाठीशी रस्त्यावर उतरायला आपण असलं पाहिजे. ते काम कोचचं नाही, आपलं आहे.

जय भीम.